वावडे कोणाचे, जबाबदारी कोणाची?

अन्नाचा प्रश्न म्हटला की समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात प्रथम भाववाढ, रेशन आणि साठेबाजी हे शब्द उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मागणी होती ती गोडेतेल, साखर, धान्य रास्त भावात मिळण्याची. ती लढाई अजून संपलेली नाही. परंतु अन्न मिळणे ही एक गोष्ट आणि मिळालेल्या अन्नात काय आहे हे कळणे ही दुसरी. पहिलीवाचून माणूस उपाशी मरतो. दुसरीवाचून काही माणसे भरल्या ताटावर मरू शकतात. या दुसऱ्या प्रश्नाकडे पुरोगामी चळवळीने जेवढे लक्ष द्यावयास हवे होते तेवढे दिलेले नाही.

हा प्रश्न शहरी, उच्चभ्रू वस्तीतला आहे असा समज असेल तर तो जुन्नर तालुक्यातील आळे या गावी तपासून पाहावा. पुणे-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा या गावाच्या शेजारचा. या मुलखात भुईमूग पिकतो. शेंगदाणा येथील स्वयंपाकाच्या हाडीमासी खिळलेला आहे. भाजीत कूट, भाकरीवर दाण्याची चटणी, उपवासाला दाण्याची आमटी आणि कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, लाकडी घाण्याचे शेंगतेल, मुलांच्या हातात चिक्की. जुन्नर-आंबेगावची मासवडी प्रसिद्ध आहे. तिच्या नावात मासा असला तरी तिच्यात मासा मुळीच नसतो; बेसनाच्या पोटात तीळ, सुके खोबरे आणि अनेक घरी शेंगदाणे भरलेले असतात. नावावरून पदार्थाच्या पोटातले कळत नाही, ही गोष्ट येथल्या माणसाला कोणी वेगळी शिकवावी लागत नाही.

आता याच गावात असे एक घर डोळ्यांसमोर आणावे की ज्यातील एकदोन माणसांना शेंगदाण्याचे आणि काजू-बदामांचे वावडे आहे. डॉक्टर ज्याला ॲलर्जी म्हणतात ते हे वावडे आवडीनिवडीचे नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणा शेंगदाण्यातील प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ व जीभ सुजते, दम लागतो. आणि क्वचित प्रसंगी घसा आवळला जाऊन, रक्तदाब कोसळून काही मिनिटांत जिवावर बेतते. गावाकडे याला ‘पित्त उठले’, ‘काहीतरी बाधले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे रोगाला रोगाचे नाव मिळत नाही, आणि जे नोंदले जात नाही त्याची दखल शासन घेत नाही.

अशा घराने प्रथिनांसाठी काय खावे? डाळ आहे, अंडी आहेत, आणि परवडेल तेव्हा मासळी आहे. कोळंबी ही घाटावर चैनीची वस्तू मानली जात असली तरी तिचीच धाकटी भावंडे, म्हणजे सुकट, जवळा आणि सोडे, घाटावरच्या आठवडे बाजारांतून गोरगरिबांच्या कालवणात पिढ्यान् पिढ्या पडत आली आहेत. जुन्नर आणि आंबेगावच्या घराघरांतून कोणी ना कोणी पोटासाठी मुंबई-नवी मुंबईला असते. आता फ्रीज गावात आला, तशी त्यांच्या पिशवीतून गोठवलेल्या कोळंबीची पाकिटेही येऊ लागली. वरवर पाहता शेंगदाण्याचे वावडे असलेल्या घराला याहून निर्धोक अन्न कोणते? कोळंबी समुद्रातली किंवा तळ्यातली, शेंगदाणा शेतातला. दोघांची गाठ पडावी कुठे?

ती गाठ कारखान्यात पडते. नुसती सोललेली आणि गोठवलेली कोळंबी घेतली तर तिच्यात कोळंबी, पाणी, मीठ आणि क्वचित एखादे रसायन एवढेच असते. परंतु त्याच शेडमध्ये, कधी त्याच पट्ट्यावर, पिठात घोळवलेली, मसाला चोळलेली, दाण्याच्या वा काजूच्या वाटणातली कोळंबीही भरली जात असेल, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये यंत्रे साबणाने नीट धुतली जात नसतील, तर शेंगदाण्याचा अंश साध्या पाकिटातही उतरू शकतो. गोठविल्याने जंतूंची वाढ थांबते. प्रथिन नाहीसे होत नाही. शिवाय कोळंबी काळी पडू नये म्हणून काही ठिकाणी तिला गंधकयुक्त क्षारांच्या पाण्यातून काढतात. दम्याच्या काही रोग्यांना ते क्षार सोसत नाहीत. तेव्हा अशा घराने साधी, बिनमसाल्याची कोळंबी घ्यावी, घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी, आणि ज्या कारखान्यात शेंगदाणा व काजू-बदाम येतच नाहीत त्याचाच माल निवडावा, हा सल्ला योग्य आहे. पण तो सल्ला पाळावयाचा कोणी, आणि कशाच्या बळावर?

कायदा नाही असे नाही. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन त्याच्या जागी २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. त्याखालील २०२० च्या लेबलविषयक नियमांनी वावड्याच्या आठ गटांची नावे पाकिटावर स्वतंत्रपणे देणे बंधनकारक केले. गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन, आणि ठरावीक मात्रेहून अधिक असलेले गंधकयुक्त क्षार हे ते आठ गट होत. हे पाऊल पुढचे आहे, याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु या नियमांना तीन मोठी भगदाडे आहेत.

पहिले भगदाड असे की, पदार्थात मुद्दाम घातलेल्या वस्तूचे नाव देणे सक्तीचे आहे. पण कारखान्यात योगायोगाने मिसळू शकणाऱ्या वस्तूची सूचना ‘देता येईल’ एवढेच नियम म्हणतो, ‘दिलीच पाहिजे’ असे म्हणत नाही. म्हणजे कोळंबीच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नसेल, तर त्या कारखान्यात शेंगदाणा नाही म्हणून तो नाही, की मालकाला सूचना छापावीशी वाटली नाही म्हणून नाही, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही. दुसरे भगदाड सुट्या मालाचे. आठवडे बाजारातला जवळा, फरसाणाच्या दुकानातला चिवडा, फाट्यावरच्या ढाब्यातली तळणीची कढई यांना पाकीटच नसते. उपाहारगृहांपैकी केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा १० वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांनाच ही माहिती देण्याचे बंधन आहे. म्हणजे विमानतळावर आणि मॉलमध्ये जेवणाऱ्याला जो अधिकार आहे, तो आळेफाट्यावर एस. टी. बदलताना जेवणाऱ्याला नाही.

तिसरे भगदाड भाषेचे, आणि ते सर्वांत मोठे. पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा, इतर भाषा वापरावयाची असल्यास वापरावी, असा नियम आहे. यात मराठी ऐच्छिक ठरते, आणि नफ्याचा हिशेब करणारा कारखानदार ऐच्छिक गोष्टीवर शाई खर्च करीत नाही. परिणामी धोक्याची ती एक ओळ बहुधा इंग्रजीतच छापली जाते, तीही पाकिटाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. महाराष्ट्रात दुकानाची पाटी ठळक मराठीत असलीच पाहिजे, असा कायदा २०२२ साली राज्याने केला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले. पाटी मराठीत आली, दर्जा मराठीला मिळाला. दुकानातल्या पाकिटावरची जिवाची सूचना मात्र परक्या भाषेतच राहिली. भाषेचा अभिमान मिरविणाऱ्यांना ही विसंगती खटकू नये, याचे आश्चर्य वाटते.

आळ्याच्या माणसाला या बाबतीत फार दूर जावे लागत नाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा सांगतात, त्या रेड्याची समाधी याच गावात आहे आणि तेथे भाविकांची रीघ लागते. कथेतला चमत्कार कोणी मानो वा न मानो, तिचा रोख स्पष्ट आहे. ज्ञान ही मूठभरांच्या भाषेत कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे, असे ती सांगते. शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणणाऱ्याने तेच केले. स्वातंत्र्यानंतर डॉ. राममनोहर लोहियांनी इंग्रजीविरुद्ध आघाडी उघडली तीही इंग्रजीच्या द्वेषापायी नव्हे. राज्यकारभार, न्याय आणि ज्ञान परभाषेत राहिले की बहुजन आपोआप दुय्यम नागरिक बनतात, हे ओळखून त्यांनी ती उघडली. पाकिटाच्या मागची ओळ हा त्याच लढाईचा एक अतिशय लहान पण अतिशय निकडीचा भाग आहे. येथे भाषा न समजण्याची शिक्षा परीक्षेत नापास होणे ही नाही.

एवढी शिस्त आपल्या देशातील कारखान्यांना झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यांनी गोठवलेल्या कोळंबीचाच इतिहास पाहावा. भारत हा कोळंबी निर्यात करणाऱ्या जगातील अग्रगण्य देशांपैकी एक आहे. २०२३-२४ या वर्षात सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी देशाबाहेर गेली, आणि त्यातली सुमारे २ लाख ९७ हजार टन एकट्या अमेरिकेने घेतली. ही कोळंबी मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढते आणि थंडगार शेडमध्ये तासन् तास उभ्या राहणाऱ्या स्त्रिया ती सोलतात. अमेरिकेने १९९७ च्या डिसेंबरपासून मासळीच्या प्रत्येक कारखान्याला धोक्याच्या जागा आधी हेरून तेथे पहारा ठेवण्याची पद्धत सक्तीची केली. २००४ च्या कायद्याने, १ जानेवारी २००६ पासून, वावड्याच्या प्रमुख आठ पदार्थांची नावे सामान्य माणसाला कळतील अशा साध्या शब्दांत लेबलावर देणे तेथे बंधनकारक झाले. २०२३ पासून त्यात तिळाची भर पडली. युरोपच्या नियमात असे १४ पदार्थ आहेत. युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा आपल्या निर्यातदारांनी कारखाने बंद केले नाहीत. त्यांनी प्रयोगशाळा, नोंदवह्या आणि तपासणी यांची व्यवस्था केली.

म्हणजे क्षमता आहे. यंत्रे आहेत, तंत्रज्ञ आहेत, आणि ते काम करून दाखविणारे कामगार आहेत. नाही ते एवढेच की, न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकासाठी जी काळजी घेतली जाते ती आळ्याच्या गिऱ्हाइकासाठी घेण्याची सक्ती नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा निर्यातदारांना देशी बाजारपेठेची एकाएकी आठवण झाली. देशी माणसाने देशी कोळंबी खावी, यात वावगे काही नाही. परंतु परदेशी बाजार बंद होताना ज्याला हाक मारली जाते, त्याला परदेशी गिऱ्हाइकाइतकाच मान आणि तेवढीच माहिती मिळावी, ही अट देशाने घातली पाहिजे. निर्यातीचा माल स्वच्छ आणि घरचा माल नशिबाच्या हवाली, ही वसाहतीच्या काळातली रीत आहे.

दुसरा पुरावा त्याहूनही जवळचा आहे. अन्नाच्या पाकिटावरची हिरवी खूण आज शाळेत न गेलेल्या आजीलाही कळते. २००१ पासून शाकाहारी व मांसाहारी पदार्थांवर निरनिराळ्या खुणा छापणे सक्तीचे झाले, आणि एवढ्या अवाढव्य देशात ती सक्ती अमलातही आली. शाकाहारी माणसाला आपल्या पोटात काय जाते हे कळण्याचा हक्क आहेच. त्याबद्दल वाद नाही. पण मग प्रश्न असा उभा राहतो की, सोवळ्याओवळ्याची खूण जे राज्य वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छापू शकले, त्याच राज्याला जिवाची खूण आजवर का छापता आली नाही? याचे उत्तर समाजरचनेत आहे. ज्या वर्गाच्या भावना दुखावतात त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचतो. ज्या घरातले मूल गुदमरते त्या घराचा आवाज तालुक्याच्या गावापर्यंतही पोहोचत नाही.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला संख्येचा. शेंगदाण्याचे वावडे आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळते, हे खरे आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धोका अधिक असलेल्या तान्ह्या मुलांना पहिल्या वर्षापासूनच योग्य स्वरूपात शेंगदाणा दिला तर पुढे वावडे जडण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटते असे दिसून आले. तेव्हा शेंगदाण्याला शत्रू ठरविण्याचे काहीच कारण नाही. तो गरिबाचा बदाम आहे आणि तसाच राहावा. परंतु संख्या थोडी म्हणून हक्क थोडा, हे गणित समाजवादाचे नव्हे. अपंगांसाठी उतरण बांधताना गावात अपंग किती, हे मोजून मग बांधकाम ठरवावयाचे नसते. इंग्लंडमध्ये नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ साली पावातल्या तिळाने दगावली. त्या तिळाचा उल्लेख वेष्टनावर नव्हता. तिच्या आईवडिलांनी लढा दिला, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या खाद्यावरही घटकांची पूर्ण यादी देणे तेथे सक्तीचे झाले. एका मुलीचा मृत्यू तेथे कायद्याचे कारण होऊ शकला. आपल्याकडे तो ‘बाधले’ या एका शब्दात पुरला जातो.

दुसरा आक्षेप छोट्या उत्पादकाचा. बचत गटाच्या स्त्रिया चटणी, लाडू, सोडे विकतात. त्यांच्यावर नियमांचे ओझे कशाला, असे विचारले जाईल. ही काळजी रास्त आहे, आणि बड्या भांडवलासाठी केलेले नियम छोट्यांच्या मुळावर येतात हा अनुभवही जुना आहे. पण ‘यात शेंगदाणा आहे’ हे तीन शब्द लिहिण्यास प्रयोगशाळा लागत नाही. रबरी शिक्का पुरतो, हाताने लिहिलेली चिठ्ठी पुरते, ढाब्यावर खडूने लिहिलेला फळा पुरतो. ओझे टाकावयाचे ते कारखान्यावर टाकावे; छोट्यांना शिक्का आणि शिक्षण शासनाने पुरवावे.

आज हे सारे ओझे एकाच व्यक्तीच्या डोक्यावर आहे, आणि ती म्हणजे त्या घरातली आई. पाकीट तिने वाचावे, कारखान्याला फोन तिने करावा, कढई वेगळी तिने ठेवावी, लग्नाच्या पंगतीत मुलाच्या पानावर नजर तिने ठेवावी, आणि इतके करूनही काही झाले तर ‘लक्ष नव्हते’ हा ठपकाही तिनेच घ्यावा. जे काम समाजाने व शासनाने करावयाचे ते स्त्रीच्या दक्षतेवर सोपवून मोकळे होणे, ही जुनी सवय आहे. पैसेवाला आयात केलेला, ‘शेंगदाणाविरहित’ असा छापलेला माल महाग दराने घेऊन सुटतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्या वाट्याला एकतर भीती येते, नाहीतर उपास येतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. वावड्याच्या पदार्थांची ओळ माल ज्या राज्यात विकला जातो त्या राज्याच्या भाषेत, पाकिटाच्या दर्शनी बाजूस, वाचता येईल एवढ्या अक्षरांत सक्तीची व्हावी. प्रत्येक गटासाठी शेंग, कोळंबी, अंडे, दूध अशी चित्रखूण ठरवावी. ती निरक्षरालाही कळेल. कारखान्यातील मिसळीची सूचना ऐच्छिक न राहता सक्तीची व्हावी. तीळ आपल्या यादीत नाही. संक्रांतीला घराघरांत तीळगूळ वाटणाऱ्या देशाने तो यादीत घेण्याचा विचार करावा. जिवावर बेतते तेव्हा उपयोगी पडणारे ॲड्रिनॅलिन हे औषध स्वस्त आहे आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सदैव हजर असावे, आणि पित्ताच्या गोळीवर वेळ न दवडता ते मांडीच्या स्नायूत कधी टोचावयाचे याचे शिक्षण तेथील प्रत्येक परिचारिकेला असावे. अंगणवाड्यांतून व शाळांतून पूरक आहार म्हणून शेंगदाण्याची चिक्की वाटली गेली आहे. तिथे कोणत्या मुलाला काय सोसत नाही याची नोंद असावी आणि त्याला पर्यायी खाऊ मिळावा.

यातील काही गोष्टींसाठी दिल्लीची वाट पाहावी लागेल, सगळ्याच गोष्टींसाठी नाही. आळे, ओतूर, बेल्हे, नारायणगाव, मंचर येथील कार्यकर्त्यांना उद्यापासून करण्यासारखे पुष्कळ आहे. महिलांच्या बैठकीत दहा पाकिटे समोर ठेवून त्यांच्या मागच्या ओळी मराठीत वाचून दाखवाव्यात. ग्रामसभेत मराठी लेबलाचा ठराव मांडावा आणि तो अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवावा. आरोग्य केंद्रात जाऊन औषधाचा साठा विचारावा; नसेल तर लेखी विचारावा. चुकीच्या लेबलाबद्दल ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि ग्राहकाचा माहितीचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केला आहे. हे दोन्ही लोकांना सांगावे. तक्रार झाल्याशिवाय कायद्याला जाग येत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.

काम लहान दिसते. त्यात मोर्चाची धग नाही, निवडणुकीचा लाभ नाही. पण ताटात काय आहे हे ज्याला स्वतःच्या भाषेत वाचता येत नाही, त्याला अन्नाचा हक्क पुरता मिळाला असे म्हणता येणार नाही. तो हक्क पुरा करून घेण्याची सुरुवात आठवडे बाजारात, एका पाकिटापासून करता येते.